नळ्यांच्या ऑर्गनचे सर

आमच्या सरांशी तुम्ही कांद्याच्या भावावर बोलायला सुरुवात केलीत, तरी थोड्या वेळाने तुम्ही युरोपातल्या एखाद्या चर्चमध्ये उभे असायचात आणि सर तुम्हाला भाता कसा ओढतात ते दाखवत असायचे. मधला रस्ता कुठून गेला हे कुणालाच सांगता यायचं नाही. कांदा, मग कांद्याचा वास, मग वास वाऱ्याने येतो, मग वारा. एकदा वारा आला की सुटका नव्हती.

मी नव्वद सालानंतर वाईहून सांगलीला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आलो आणि सरांच्याच घरात वरची खोली भाड्याने घेतली. सर त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना सहकाऱ्यांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. ते सगळ्यांना विषयावरून हाक मारायचे. मी "अहो पदार्थविज्ञान" होतो. कॉमर्सच्या बाई "अहो वाणिज्य". प्राचार्यांना मात्र ते "साहेब" म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांचा विषय कुठला होता हे त्यांनाही आठवत नाही."

नळ्यांचा ऑर्गन म्हणजे काय हे सांगलीत समजावून सांगणं फार अवघड. नाटकांचं गाव. ऑर्गन म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे रंगमंचासमोरची पायपेटी. कुणी ना कुणी म्हणायचंच, "आमच्या आजोबांकडे होता की ऑर्गन." त्यावर सरांचा चेहरा आंबट होई. "ती पेटी. पाय लावले म्हणून ती ऑर्गन होत नाही. पाय टेबलालाही असतात." मग ते हात पसरून सांगायचे की खरा ऑर्गन म्हणजे भिंतभर उभ्या केलेल्या नळ्या, काही बोटाएवढ्या, काही नारळाच्या झाडाएवढ्या. प्रत्येक नळीचा सूर ठरलेला. खाली भाता, भात्यात वारा, आणि पट्टी दाबली की वारा त्या नळीत शिरणार. "बासरी फुंकणारा दमतो. हा दमत नाही. दमतो तो भाता मारणारा, पण त्याचं नाव इतिहासात नसतं."

हे वेड त्यांना लागलं ते एका शिपायामुळे. तरुणपणी ते पुण्याच्या एका ग्रंथालयात राज्यशास्त्राचं पुस्तक शोधायला गेले होते. राज्यसंस्थेच्या अंगांना इंग्रजीत ऑर्गन म्हणतात. त्यांनी शिपायाला सांगितलं, ऑर्गनवरचं पुस्तक आण. शिपायाने शब्दशः आणलं. सरांनी चूक सांगायला पहिलं पान उघडलं आणि संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत मिटलं नाही. राज्यसंस्थेवरचा त्यांचा प्रबंध तेव्हापासून जो मागे राहिला तो कायमचा.

वर्गात याचे परिणाम दिसत. एकदा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणं विचारली होती, तर आमच्या कॉलेजच्या एका मुलाने विद्यापीठाच्या पेपरात लिहिलं की भाता मारणारी सत्तर माणसं दमली हे प्रमुख कारण होय. ती सत्तर माणसं इंग्लंडातल्या एका मठातली, रोम बुडाल्यावर कित्येक शतकांनंतरची. पोराने दोन्ही तास एकाच झोपेत ऐकले होते. पोरांनी सरांचं नाव "भाता" ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. "ऑर्गन म्हणजे अवयव धरून हृदय म्हणण्यापेक्षा बरं," ते म्हणायचे. "हृदय फार लवकर भरून येतं."

दाढीला ते कोपऱ्यावरच्या दुकानात जात. तिथल्या म्हादबाला त्यांनी ऑर्गनचा जन्म सांगितला तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. अलेक्झांड्रियात एक न्हावी होता, त्याच्या पोराने बापाच्या दुकानातला आरसा वर-खाली करता यावा म्हणून दोरीला वजन बांधून ते नळीत सोडलं. वजन खाली गेलं, नळीतली हवा दबून बाहेर पडली आणि आवाज झाला. त्या आवाजामागे लागून पोराने पाण्याच्या दाबावर चालणारा जगातला पहिला ऑर्गन केला.

म्हादबाने वस्तरा सरांच्या गळ्यावर थांबवला. "मग त्यो पोरगा पुन्ना दुकानात बसला का न्हाई?"

"नाही बसला."

"आन बापाचं काय झालं?"

सरांना माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं.

"बघा की," म्हादबा वस्तरा पुढे चालवत म्हणाला. "आरसा खाली-वर करायला तरी कोन उरलं मग?"

सर घरी येईपर्यंत गप्प होते. ही दुर्मिळ गोष्ट म्हणून मी काकूंना सांगितली तर काकू म्हणाल्या, "त्या म्हादबाला आपण जेवायला बोलावू या."

काकू म्हणजे सरांची पत्नी. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सर बोलत असताना त्या भाजी निवडत असायच्या आणि सर एखाद्या शतकात चुकले तर मान वर न करता दुरुस्त करायच्या. "अकरावं नाही, दहावं." सगळा इतिहास त्यांना पाठ झाला होता, शेजारच्या गिरणीचा आवाज पाठ होतो तसा. सरांकडे ऑर्गनच्या काही कॅसेटी होत्या. कुणाकुणाकडून मागून भरून घेतलेल्या, घासून घासून पातळ झालेल्या. जर्मनीतल्या एका संगीतकारावर त्यांचा विशेष जीव. त्याचं नाव ते घेत नसत, "वीस लेकरांचा बाप" म्हणत. पण कॅसेट लावली की सर त्यावर बोलायला लागत. आता बघा, आता डाव्या पायाने तो खालचा सूर धरील, आता वरून दुसरी ओळ येईल. ओळ यायची आणि जायची, आपल्याला ऐकू यायचे ते सर.

याच वीस लेकरांच्या बापाने माझं लग्न जमवलं. पलूसला मुलगी बघायला जायचं होतं, माझे वडील आजारी, म्हणून वडीलधारे या नात्याने सर आले. पोहे आले आणि सरांनी विषय काढला. जर्मनीत उत्तरेला एका गावात एक म्हातारा ऑर्गनवाला होता. त्याच्यासारखा वाजवणारा देशात नाही. त्याच्यामागे त्याची नोकरी ज्याला हवी त्याने त्याच्या मुलीशी लग्न करायचं, अशी अट. दोन नामांकित तरुण आले, वाजवणं ऐकलं, मुलगी बघितली आणि गेले. नंतर वीस लेकरांचा बाप आला. तेव्हा तो विशीतला पोरगा होता, लेकरं व्हायची होती. कुठल्या कुठून पायी चालत आला, महिनोन्महिने राहून सगळं शिकून घेतलं आणि तोही गेला.

मुलीच्या वडिलांच्या हातातली बशी खाली आली. मी सरांचा पाय दाबत होतो. मुलीचे मामा फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हंजे आमच्या पोरीला तुमी नापसंत करायलाय, असं समजायचं का?"

तेवढ्यात मुलीनेच विचारलं, "मग त्या मुलीचं काय झालं?"

सर खूष झाले. त्यांना आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "चौथा आला. त्याने नोकरीही केली आणि संसारही. पण त्याचं संगीत आज कुणी वाजवत नाही."

"नवरा म्हणून बरा असेल," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत सर म्हणाले, "पदार्थविज्ञान, ही सोडू नका." मी सोडली नाही. माझंही संगीत कुणी वाजवत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सरांनी खरा ऑर्गन प्रत्यक्ष कधीच ऐकला नव्हता. पाहिलाही नव्हता. मुंबईला एका चर्चमध्ये आहे म्हणून एकदा गेले, तर दार बंद. रखवालदार म्हणाला रविवारी या. सर शनिवारच्या गाडीने परत आले, का, तर सोमवारी परीक्षेची सुपरव्हिजन होती. मी काकूंना म्हटलं, "रविवारी ऐकून रात्रीच्या गाडीने येता आलं असतं की."

"आलं असतं," काकू म्हणाल्या. "घाबरतात ते. इतकी वर्षं बोललेत. समोर वाजला आणि आवडला नाही तर काय करायचं माणसाने?"

त्यानंतर वर्षभरातच पाचगणीच्या अंगाला असलेल्या एका जुन्या चर्चची बातमी आली. तिथे इंग्रजांच्या काळातला लहानसा ऑर्गन होता, वापरात नसलेला. पाळकसाहेबांनी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला होता आणि ऑर्गन काढून जागा मोकळी करायचं ठरवलं होतं. लाकूड सरपणाला आणि नळ्या वाईच्या एका भंगारवाल्याला. नळ्यांमध्ये कथील असतं, ते कल्हईला चालतं.

सर रजेचा अर्ज न देताच निघाले. मला बरोबर घेतलं. पाळकसाहेब नगरकडचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. सरांनी त्यांना सांगितलं की इंग्लंडात यादवी झाली तेव्हा सैनिकांनी चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या उपटून गुत्त्यात दारूसाठी गहाण टाकल्या. फ्रान्सात क्रांती झाली तेव्हा नळ्या वितळवून गोळ्या केल्या. "त्यांनी निदान क्रांती केली. तुम्ही पातेल्यांना कल्हई करणार." पाळकसाहेब म्हणाले, "अहो, उंदरांनी भाता खाल्लाय, मी काय करू?" त्यावर सर मुळापासून सुरू झाले. अलेक्झांड्रिया, रोमन आखाड्यात माणसं एकमेकांना भोसकत असताना वाजणारा ऑर्गन, चर्चने आधी त्याला सैतानाची बासरी म्हणून दाराबाहेर ठेवणं, मग पूर्वेच्या सम्राटाने फ्रँकांच्या राजाला तो भेट पाठवणं. चहा दोनदा आला. सर बाराव्या शतकाच्या उंबऱ्यावर असताना पाळकसाहेबांनी हात जोडले. "घेऊन जा. पण आता पुरे."

न्यायचा कुठे, हा प्रश्न होता. सरांच्या घरात तो मावला असता, पण मग काकू मावल्या नसत्या. सरांचा जुना विद्यार्थी संपत तासगावजवळ द्राक्षाची बाग करायचा. इतिहासात तो दोनदा नापास झाला होता, तरी सरांवर त्याचा जीव. त्याने टेम्पो पाठवला आणि बेदाण्याची शेड दिली. लांबलचक, तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी, वर पत्रा. "सर, लय मोकळी जागा हाय. पर द्राक्षं उतरायच्या आत हलवा. मग मला वाळवायला लागतंय."

दिवाळीनंतर आम्ही कामाला लागलो. सर पुस्तकात बघून सांगायचे, मी जोडायचो. बहुतेक वेळा त्यांचं पुस्तक दुसऱ्याच कुठल्या प्रचंड ऑर्गनबद्दल असायचं. भात्याला चामडं मिरजेच्या एका तबला भरणाऱ्याने लावून दिलं. नळ्यांतून उंदरांची घरटी, मधमाश्यांची पोळी आणि एक इंग्रजी प्रार्थनेचं पान निघालं. संपतचे वडील, आबा, रोज संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांचं गावात भजनी मंडळ होतं. नळ्यांकडे बघून ते एकदा म्हणाले, "सर, हे शेवटाला वाजनार का नुस्तंच हुबं राहनार?"

"वाजणार," सर म्हणाले, पण माझ्याकडे बघून.

एका रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं. प्राचार्य आले, वाणिज्य आल्या, अर्धं गाव आलं. आबांनी पद्धतीप्रमाणे भजनी मंडळही बोलावलं होतं, पखवाज आणि टाळांसकट. उद्घाटन म्हटल्यावर भजन असतंच. वाजवायला सांगलीहून एक पायपेटी वाजवणारे गृहस्थ आणले होते. सरांनी पेटीबद्दलची मतं तेवढ्यापुरती आवरती घेतली होती, कारण त्यांना स्वतःला एक सूरही वाजवता येत नव्हता.

सर बोलायला उभे राहिले. टाय बांधला होता. पहिल्यांदाच त्यांच्यामागे खरोखरचा ऑर्गन उभा होता आणि ते त्याच्याकडे पाठ करून अलेक्झांड्रियाबद्दल सांगत होते. ऊन पत्र्यावर आलं. लोक धोतराच्या सोग्याने वारा घेऊ लागले. शेवटी आबा म्हणाले, "आवं सर, वारा सोडा की आता. आमी इतिहास घरी जाऊन ऐकतो."

लोक हसले. संपतच्या दोन गड्यांनी भात्याचा दांडा धरला आणि ओढायला सुरुवात केली. चामडं फुगलं. पेटीवाले गृहस्थ बाकावर बसून बोटं मोडत होते. त्यांनी पट्टीला हातही लावला नव्हता, तेवढ्यात मागची एक लाकडी नळी आपोआप वाजायला लागली. जाड, खालचा सूर. बैलगाडी पुलावरून जावी तसा तो पायातून वर येत होता. आम्ही सगळे थांबलो. तो थांबेना. कुठेतरी झडप अडकली होती. पेटीवाल्यांनी पट्ट्या दाबून बघितल्या. बाकीचे सूर यायचे आणि जायचे, हा आपला एकसारखा. मी मागे जाऊन हात घातला, तर तो आणखी स्वच्छ झाला.

प्राचार्य मोठ्याने म्हणाले, "बंद करा हो ते. काय बोंबलतंय."

सरांचा चेहरा मी पाहिला. एखाद्याचं पोर भर मांडवात उलटी करतं तेव्हा बापाचा होतो तसा. ते गड्यांना थांबा म्हणायला हात वर करत होते, तेवढ्यात आबांनी कानाला हात लावला आणि मान डोलावली.

"पट्टी चांगली हाय," ते म्हणाले. "आमच्या पेटीपेक्षा बरी हाय. वारा सोडू नगा रं."

आणि त्यांनी त्याच सुरात अभंग उचलला. पखवाजवाल्याने आधी शाई ठोकून बघितली, मग हात सोडला. मंडळातले लोक उभे राहिले. खाली तो एक सूर, वर दहा-पंधरा शेतकऱ्यांचे रापलेले गळे. मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे, भारावून जाण्याची मला सवय नाही. पण डोक्यावरचा पत्रासुद्धा त्या सुरात वाजत होता.

सर काकूंपाशी येऊन म्हणाले, "ही थट्टा झाली. एक नळी बिघडली आणि तिच्यावर भजन."

काकू म्हणाल्या, "तुमच्या रोमन लोकांनी आखाड्यात लावला, तुमच्या राजांनी दरबारात लावला. ह्यांनी शेडमध्ये लावला. बिघडलं काय?"

सरांनी टाय सोडून काकूंच्या हातात दिला, भात्यापाशी गेले आणि एका गड्याला बाजूला करून दांडा धरला. गडी म्हणाला, "सर, तुमास्नी झेपायचं न्हाई." सर ओढायला लागले. साठीला आलेला माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडाने एक शब्द नाही. अभंगामागून अभंग झाले. मध्येच प्राचार्य निघून गेले, ते कुणाला कळलंही नाही. भजन थांबलं तेव्हा सर खाली बसले आणि त्यांना पाणी पाजावं लागलं. आबा त्यांना म्हणाले, "बोलन्यापरीस हे काम तुमाला बरं जमतंय."

पुढे मी ती झडप दुरुस्त केली. भजनी मंडळाला ते आवडलं नाही. नंतर संपतच्या घरची पोरंटोरं, बागेत कामाला येणाऱ्या बाया, कुणीही येऊन पट्ट्या दाबून जायचं. सर शनिवारी-रविवारी तिथे जात आणि एका बोटाने वीस लेकरांच्या बापाची पहिली ओळ शोधत. दुसरी कधी सापडली नाही.

द्राक्षं उतरायला आली तेव्हा पाळकसाहेब स्वतःच आले. त्यांच्या कीबोर्डाला वीज लागायची आणि डोंगरावर वीज रविवारी हमखास जायची. शिवाय तिथल्या शाळेत पूर्वी संगीत शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या टीचरबाई होत्या, त्यांनी ऑर्गन दिल्याबद्दल पाळकसाहेबांशी बोलणं सोडलं होतं. "दुरुस्त झालाय असं ऐकलं," ते अवघडून म्हणाले. "आम्हाला मागायचा हक्क नाही."

वाणिज्य म्हणाल्या देऊ नका. मीही म्हटलं देऊ नका, माझे हात सोलले होते. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी बागेत जाऊन आले आणि मला म्हणाले, "अहो पदार्थविज्ञान, इथे ठेवला तर त्याच्यावर बेदाणे वाळतील. नळ्या सुट्या करायला कधी येताय?" एवढंच. कारणमीमांसा केली नाही, एकही शतक मध्ये आणलं नाही. नळ्या चादरीत गुंडाळताना मात्र त्यांनी मला एकीलाही हात लावू दिला नाही.

चर्चमध्ये तो उभा करायला उन्हाळा गेला. पहिल्या रविवारी आम्हाला बोलावणं होतं. सर, काकू, मी, माझी बायको आणि संपत, असे पुढच्या बाकावर बसलो. सरांनी नवा शर्ट घातला होता. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाला त्यांनी सैतानाच्या बासरीपर्यंत आणलं होतं. एवढ्यात टीचरबाई आल्या. काठी भिंतीला टेकवली, चष्मा पुसला आणि ऑर्गनवर बसल्या. बाजूला एका माळ्याने भात्याचा दांडा धरला.

सर एकदम गप्प झाले. त्यांनी काकूंचा हात धरला होता. मी इतकी वर्षं त्यांच्या घरी राहिलो, तसं करताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाई वाजवायला लागल्या. ते काय होतं हे मला सांगता येणार नाही. मी त्या नळ्या एकेक करून धुतल्या होत्या, प्रत्येकीची खोक माझ्या ओळखीची होती, आणि तरी हे माझ्या ओळखीचं नव्हतं. सूर एकमेकांच्या खांद्यावर चढत होते आणि कुणीच पडत नव्हतं. खिडकीच्या काचा बारीक वाजत होत्या. मी सरांकडे पाहिलं. ताठ बसलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता रडतील.

मग त्यांची मान हळूहळू पुढे झुकली, एकदा सावरली आणि काकूंच्या खांद्यावर जाऊन टेकली. तोंड थोडंसं उघडलं. बारीक घोरण्याचा आवाज सुरू झाला. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. संपत खाली बघून ओठ चावत होता.

मी काकूंच्या कानाशी वाकलो. "उठवू का? अख्खं आयुष्य याच्यासाठी घालवलंय त्यांनी."

काकूंनी ऑर्गनवरची नजर काढली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यांदा ऐकू येतंय."